ओ पेअर : मोलकरीणही नव्हे, पाहुणीही नव्हे

(सोसायटीच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



आजचा विषय मी निवडलेला नाही, तो माझ्याकडे चालत आला. परळच्या चाळीत राहणारी माझी एक माजी विद्यार्थिनी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका संध्याकाळी ती वडिलांना घेऊन माझ्या घरी आली. हातात कागदांचा गठ्ठा होता. फ्रान्समधील एका कुटुंबात वर्षभर 'ओ पेअर' म्हणून राहावयाचे तिच्या मनात होते. वडिलांनी चहाचा कप हाती घेण्यापूर्वीच विचारले, "सर, परक्याच्या घरी जाऊन पोरे सांभाळायची? त्यासाठी शिकवली हिला?"

मी त्या वेळी गप्प बसलो, कारण मलाच काही ठाऊक नव्हते. नंतर जी माहिती काढली ती आज तुमच्यापुढे ठेवतो.

त्या वडिलांच्या डोळ्यांपुढचे चित्र खोटे नव्हते. इंग्रजी अमदानीत याच मुंबईच्या धक्क्यावरून साहेबांची मुले सांभाळीत कितीतरी आया विलायतेस गेल्या. बोटीवर मुलांचे सगळे त्यांनी केले आणि लंडनला उतरल्यावर काहींना मडमांनी तिथेच सोडून दिले. परतीचे तिकीट नाही, ओळखीचे कोणी नाही. अशा आयांसाठी लंडनमध्ये 'आयाज होम' नावाचे वसतिगृह चालत असे. 1900 साली ते हॅकनी भागात किंग एडवर्ड्स रोडवर आले आणि 2022 साली त्या घरावर निळी स्मृतिपाटी बसली. अर्थात पाटी बसायला शंभराहून अधिक वर्षे लागली, हेही लक्षात ठेवा.

आपल्याकडचे म्हणाल तर आखातात घरकामास जाणाऱ्या स्त्रियांची फसवणूक इतकी झाली, की तीस वर्षांखालील बाईस त्या कामासाठी पाठवू नये अशी अट सरकारला घालावी लागली.

आता गंमत पाहा. फ्रान्समध्ये ओ पेअर होण्यासाठी वय अठरा ते तीसच्या दरम्यान लागते. तिकडे जी खालची मर्यादा तीच इकडे वरची! कारण एका ठिकाणी ती कामगार आहे, तर दुसऱ्या ठिकाणी शिकायला आलेली तरुण मुलगी. फ्रेंचमध्ये या शब्दांचा अर्थच मुळी 'बरोबरीने' असा आहे. ती घरच्यांच्या टेबलावर जेवते, घरातली एक म्हणून राहते, मुलांकडे पाहते, थोडेफार घरकाम करते आणि भाषा शिकते.

हे नुसते गोड बोलणे नाही, कायद्यात लिहिलेले आहे. आठवड्यास पंचवीस तासांहून अधिक काम नाही. स्वतंत्र खोली, दोन वेळचे जेवण, आठवड्यातून निदान एक दिवस पूर्ण सुटी. फ्रेंचच्या वर्गास जाता येईल अशा बेताने कामाच्या वेळा ठरवावयाच्या. महिन्यास किमान 320 युरो हातखर्च. घरच्यांनी तिचे नाव सरकारी विम्याच्या कार्यालयात नोंदवावयाचे. मुदत एक वर्ष, फार तर आणखी एक. मुलीला थोडे फ्रेंच तरी यावे किंवा निदान आपल्या बारावीइतके शिक्षण तरी झालेले असावे. (जे पालक दहावीनंतर मुलीचे शिक्षण थांबवतात त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.)

'हातखर्च' हा शब्द मी मुद्दाम वापरला. तो पगार नव्हे. बस, टेलिफोन, एखादे पुस्तक यांतच तो संपतो. घरी मनीऑर्डर येईल, भावाची फी भरली जाईल, बहिणीचे लग्न निघेल, अशा आशेने कोणी मुलीस पाठवीत असेल तर पाठवू नये. तेथून आणावयाची कमाई म्हणजे भाषा.

दिवस कसा जातो? सकाळी मुलांना उठवून, न्याहारी देऊन शाळेत पोहोचवावयाचे. मग वर्ग. चारच्या पुढे मुलांना शाळेतून आणून पाव-चॉकलेट द्यायचे, बागेत न्यायचे, आंघोळ, जेवण. बुधवारी बऱ्याच लहान मुलांना शाळा नसते, त्या दिवशी काम अधिक. आमच्या विद्यार्थिनीने तीन धाकटी भावंडे एका खोलीत वाढवली आहेत. तिला मुलांची भीती नाही, भीती आहे ती त्यांच्या बोलण्याची. चार वर्षांचे मूल परक्या माणसासाठी सावकाश बोलत नाही.

दीनाचा प्रश्न वडिलांनी विचारला नाही, आईने दाराआडून विचारला. 1969 साली स्ट्रासबुर्ग येथे युरोपातील देशांनी ओ पेअरबाबत एक करार केला. त्यात अशा मुलीस उपासनेची पूर्ण मोकळीक असावी असे कलमच आहे. पॅरिसची मोठी मशीद 1926 पासून उभी आहे आणि हलाल मांसाची दुकाने त्या शहरात भरपूर आहेत. पण ज्या घरी राहावयाचे त्या घरच्या टेबलावर दारूची बाटली असेल, डुकराचे मांसही शिजेल. मुलांना ते वाढणार की नाही, नमाज कुठे पढणार, रोजे असताना काम कसे करणार, हे पत्रात आधीच स्पष्ट लिहावे. स्कार्फबद्दलही तसेच. 2004 च्या कायद्याने तेथील सरकारी शाळांत विद्यार्थिनींना तो घालता येत नाही आणि 2010 च्या कायद्याने सार्वजनिक जागी चेहरा झाकता येत नाही. रस्त्यात डोक्यावर स्कार्फ घेण्यास बंदी नाही, पण एखाद्या घरास तो रुचणार नाही. असे घर तिथे गेल्यावर कळण्यापेक्षा इथे कळलेले बरे.

आता त्या गठ्ठ्याविषयी. त्यात एका एजंटाचे पत्र होते. आगाऊ पैसे भरा, टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर तो बदलून देऊ. वडील अर्धे पैसे उसने काढायच्या बेतात होते. हे साफ खोटे आहे. ओ पेअरसाठी वेगळा, लांब मुदतीचा व्हिसा लागतो आणि तो निघण्यापूर्वी इथेच घ्यावा लागतो. त्यासोबत कुटुंबाच्या सहीचा लेखी करार असतो आणि त्यात तास, खोली, हातखर्च, सुटी सारे लिहिलेले असते. टुरिस्ट व्हिसावर काम करणारी मुलगी तक्रार घेऊन कोणाकडे जाणार? त्या जुन्या आयांची आणि तिची गत मग एकच. मी ते पत्र बाजूला काढून ठेवले. माझ्या भाषेबद्दल वडील थोडे नाराज झाले, पण पैसे वाचले.

एक गोष्ट मात्र मला खटकली, ती बोलून दाखवितो. याच गृहस्थांचा थोरला मुलगा आखातात ड्रायव्हर आहे. तो गेला तेव्हा चाळीत पेढे वाटले होते. तोही परक्याच्याच घरची मुले शाळेत पोहोचवतो. मी एवढेच विचारले की, त्याचा करार तुम्ही वाचलात का? ते म्हणाले, "अरबीत होता."

सध्या मुलगी आठवड्यातून दोनदा प्रभादेवीहून गाडीने मरीन लाइन्सला जाते आणि तिथे आलियाँस फ्रान्सेजमध्ये फ्रेंच शिकते. घरी परतायला साडेआठ होतात. वडील स्टेशनवर उभे असतात. एका कुटुंबाशी पत्रव्यवहार सुरू आहे. दोन मुले, आई नर्स. कराराचा मसुदा आला आहे. तो तिने स्वतः मराठीत उतरवून वडिलांना वाचून दाखविला, दोनदा. त्यांनी अजून हो म्हटलेले नाही. गेल्या जुम्म्याला नमाजनंतर त्यांनी मला मशिदीच्या पायरीवर थांबवले आणि विचारले, "सर, आजारी पडली आणि मधेच परत यावेसे वाटले, तर तिकीट कोणी काढायचे? ते कागदात नाही."

खरेच नव्हते. त्याच रात्री बसून आम्ही तिघांनी त्या कुटुंबास पत्र लिहिले. उत्तराची वाट पाहत आहोत.