सूर्याचा अग्नी आणि भिंतीचा धातू

अणुशक्तीच्या शांततामय उपयोगासाठी १९५५ च्या ऑगस्टमध्ये जिनीव्हा येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. अणुसंमीलनाची ऊर्जा काबूत आणण्याचा मार्ग दोन दशकांत सापडेल, असे भाकीत परिषदेचे अध्यक्ष डॉ. होमी भाभा यांनी तेथे केले. त्याला सात दशके लोटली; तरी संमीलनाची वीज अद्याप कोणाच्या घरी पोहोचलेली नाही. या विलंबाचे एक मोठे कारण म्हणजे सूर्याचा अग्नी ज्या भिंतींच्या आत ठेवावयाचा, त्या भिंतींचा पदार्थ.

ड्यूटेरियम व ट्रिटियम ही हायड्रोजनचीच जड रूपे. त्यांचे संमीलन घडविण्यासाठी सुमारे १५ कोटी अंश सेल्सिअस तापमान लागते. ते सोसणारे भांडे जगात नाही. म्हणून टोकामॅक नावाच्या यंत्रात हा तप्त आयनद्रायू, म्हणजेच प्लाझ्मा, चुंबकीय क्षेत्राच्या बळावर अधांतरी तोलून धरतात. तथापि काही उष्णता व काही कण भिंतीवर आदळतातच.

इंग्लंडमधील कलहॅम येथील ‘जेट’ या यंत्राला प्रारंभी कार्बनच्या फरशा होत्या. कार्बन वितळत नाही, हा त्याचा गुण. परंतु हायड्रोजनशी संयोग पावून तो झिजतो आणि झिजेच्या थरांत किरणोत्सर्गी, दुर्मिळ ट्रिटियम अडकून पडते. म्हणून २०११ पर्यंत त्या फरशा काढून बेरिलियम व टंगस्टन बसविण्यात आले. याच भिंतींच्या आत ऑक्टोबर २०२३ मध्ये अवघ्या ०.२ मिलिग्रॅम इंधनातून ६९ मेगाज्यूल ऊर्जा मिळाली.

बेरिलियम हलके, पण ते १,२८७ अंशांना वितळते व त्याची धूळ विषारी असते. जुन्या विजेच्या दिव्यातील तारेमुळे परिचित असलेले टंगस्टन ३,४२२ अंशांपर्यंत टिकते. मात्र त्याचे जड अणू प्लाझ्मात शिरले तर ऊर्जा उत्सर्जित करून त्याला थंड करतात. हा धोका पत्करून, फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या ‘इटर’ प्रकल्पाने आतील संपूर्ण भिंतीसाठी टंगस्टनच निवडले आहे.

या प्रकल्पात भारतही भागीदार आहे. यंत्राला बाहेरून वेढणारे, सुमारे ३० मीटर उंचीचे, ३,८५० टन वजनाचे स्टेनलेस स्टीलचे निर्वात आवरण भारताने पुरविले. त्याचे भाग गुजरातमधील हजिरा येथे घडले.

खरी कसोटी पुढेच आहे. संमीलनातून सुटणाऱ्या न्यूट्रॉनांवर विद्युत्भार नसल्याने चुंबक त्यांना अडवू शकत नाही. ते पोलादात घुसून अणू जागचे हलवितात. धातू ठिसूळ होतो, किरणोत्सर्गीही होतो. मॉलिब्डेनम व निओबियम टाळून, त्यांऐवजी टंगस्टन व टँटलम मिसळलेले खास पोलाद कल्पक्कम, हैदराबाद व गांधीनगर येथील संस्थांनी मिळून यासाठी विकसित केले आहे. असे पोलाद न्यूट्रॉनांच्या माऱ्याखाली वर्षानुवर्षे टिकले, तरच संमीलनाचे वीजकेंद्र अखंड चालू शकेल. डॉ. भाभांचे भाकीत पुरे होण्याचा मार्ग धातुशास्त्रज्ञांच्या भट्टीतूनही जातो, तो असा.