पाणी गढूळ झालं, तर मादी निवडणार कशी?

मागच्या भागानंतर एका श्रोत्यांचा प्रश्न आला. ते लिहितात, "नर माशांचे रंग मादीसाठी असतात, असं तुम्ही सहज म्हणून गेलात. पण मादी खरंच निवड करते हे कशावरून? नर आपसात भांडतात, जो जिंकतो त्याला मादी मिळते, एवढंच नसेल का?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आज त्यावरच बोलू.

आधी माझी एक कबुली. शाळेत असताना मी घरी मासे पाळायचो. दुकानात गेलो की बोट रंगीत माशाकडेच जायचं. दुकानदारही म्हणायचा, "मादी कशाला घेतोस? तिला रंग नसतो." माझ्या डोक्यात तेच बसलं. नर म्हणजे कलाकार आणि मादी नुसती प्रेक्षक. प्रत्यक्षात ती परीक्षक असते, हे मला फार उशिरा कळलं. आणि ते कळलं एका सरोवराच्या गोष्टीतून.

पूर्व आफ्रिकेतलं व्हिक्टोरिया सरोवर. युगांडा, केनिया आणि टांझानिया या तीन देशांत पसरलेलं, गोड्या पाण्याचं. क्षेत्रफळ ६८ हजार चौरस किलोमीटरच्या पुढे, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त. या पाण्यात सिक्लिड कुळातल्या माशांच्या सुमारे ५०० प्रजाती तयार झाल्या. गंमत अशी की साधारण १५ हजार वर्षांपूर्वी हे सरोवर कोरडं पडलं होतं. उत्क्रांतीच्या हिशोबात १५ हजार वर्षं म्हणजे कालचीच गोष्ट!

आपण त्यातल्या दोनच प्रजाती घेऊ. दोन्ही 'पुंडामिलिया' या एकाच प्रजातीगटातल्या. स्वाहिली भाषेत 'पुंडा मिलिया' म्हणजे झेब्रा. अंगावर पट्टे आहेत म्हणून हे नाव. एका प्रजातीचा नर निळसर. दुसरीचा नर पाठीवर लालभडक. या दुसरीचं नाव टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांच्यावरून न्येरेरेई ठेवलंय. माद्या मात्र दोन्हीकडे पिवळट-मातकट, जवळपास सारख्याच दिसणाऱ्या.

आता मादीच्या बाजूने बघा. ती अंडी तोंडात घेते आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत, म्हणजे सुमारे तीन आठवडे, तोंडातच सांभाळते. त्या काळात खाणंपिणं जवळजवळ बंद. नर यातलं काहीच करत नाही. म्हणजे निवड चुकली तर भुर्दंड तिलाच. मग ती चोखंदळ असणार, नाही का?

पण "असणार" म्हणून भागत नाही, तपासायला हवं. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात ओले झेहाउझन आणि झाक फान अल्फेन यांनी हे तपासलं. त्यांचा प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाला. मादीसमोर दोन्ही प्रजातींचे नर ठेवले. साध्या पांढऱ्या उजेडात तिने आपल्याच प्रजातीचा नर पसंत केला. मग त्यांनी दिवा बदलला. नुसता नारिंगी उजेड लावला, ज्यात लाल आणि निळा यांतला फरक कळेनासा होतो. मासे तसेच, पाणी तसंच, फक्त उजेड वेगळा. आणि मादीची ती पसंती नाहीशी झाली! आपला-परका हा भेद तिने सोडूनच दिला.

श्रोत्यांच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. नरांच्या भांडणावरच सगळं ठरत असतं, तर दिव्याच्या रंगाने काय फरक पडला असता? ठरवत होती ती मादी, आणि ठरवत होती रंग बघून.

आता गोष्टीचा अवघड भाग. हा नारिंगी दिवा प्रयोगशाळेतच राहिला नाही. विसाव्या शतकात सरोवराभोवती जंगलतोड झाली, शेती आणि वस्ती वाढली. माती आणि सांडपाणी सरोवरात येऊ लागलं, शेवाळ माजलं. आपल्या नद्या झाकून टाकते तीच जलपर्णी तिथेही पसरली. गढूळ पाण्यात निळा प्रकाश आधी शोषला जातो, आणि खाली पोहोचतो तो पिवळट-तांबूस अंधुक उजेड. म्हणजे प्रयोगातला दिवाच जणू.

याचा परिणाम सरोवराच्या दक्षिणेकडे, टांझानियातल्या म्वांझा आखातात दिसतो. माकोबे बेटापाशी पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ, दोनेक मीटरपर्यंत दिसतं. तिथे लाल आणि निळे नर स्पष्ट वेगळे. आखातात आत, लुआन्सो बेटापाशी, जेमतेम अर्ध्या मीटरपर्यंत दिसतं. तिथे दोन प्रजाती उरलेल्याच नाहीत. मधल्याच रंगछटांचे, मिसळून गेलेले मासे आहेत. त्यांची पिल्लं धडधाकट असतात, त्यांनाही पिल्लं होतात. फक्त दोनाची एक झाली.

या सरोवरात १९५०च्या दशकात नाईल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडला गेला, आणि त्याने पुढे कितीतरी सिक्लिड फस्त केले. ते नुकसान जाळ्यात दिसलं, बाजारात दिसलं. पण गढूळ पाण्याने झालेलं नुकसान असं दिसत नाही. कुणी कुणाला खाल्लं नाही, मेलेले मासे काठाला लागले नाहीत. मासे पोहतायत, अंडी घालतायत, सगळं ठीक चाललंय असं वाटतं. आणि तरी एक प्रजाती पुसली जाते, कारण मादीला दिसत नाही.

मला ही गोष्ट ऐकल्यापासून एक सवय लागलीय. तळ्याच्या काठाला उभा राहिलो की "मासे आहेत का?" एवढंच विचारून थांबत नाही. पाण्यात किती खोलवर दिसतंय, तेही बघतो. तुम्हीही बघा, आणि काय दिसलं ते कळवा. असे अडवणारे प्रश्न पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात.