जागा रिकाम्या, हातही रिकामे



"शिकून तरी नोकरी कुठे आहे?" असे पालक नेहमी विचारतात. या बाबतीत अमेरिकेचा अनुभव पाहण्यासारखा आहे.

ऑक्टोबर २००९ मध्ये मंदीमुळे तेथील बेकारी १० टक्क्यांवर गेली. एका रिकाम्या जागेमागे सुमारे सहा बेकार होते. बाजार हळूहळू सावरला, २०२० च्या महासाथीत पुन्हा कोसळला आणि पुन्हा सावरला. मार्च २०२२ मध्ये रिकाम्या जागा सुमारे १ कोटी २० लाख, तर बेकार सुमारे ६० लाख!

मग हे साठ लाख बेकार का राहिले? जागा एका गावी, माणूस दुसऱ्या गावी. मालकाला हवे ते कसब एक, उमेदवाराच्या हाती दुसरे. कुणाला जागेची खबरच नाही.

आणखी एक गोष्ट. बेकारांच्या आकड्यात काम शोधणाराच धरतात. निराश होऊन घरी बसलेला मोजलाही जात नाही. म्हणून विद्यार्थी मित्रहो, शोध सोडू नका. शिक्षणाने नोकरीची हमी मिळते असे मी म्हणणार नाही. पण मंदी ओसरायला वर्षे लागतात, तशी कसब शिकायलाही लागतात. पालकहो, ती वर्षे मुलामुलींना शिकू द्या. बाजार उघडेल तेव्हा त्यांचे हात तयार असू द्या.