परत सांगा

मुशायऱ्यात एखादा शेर आवडला की समोरून 'मुकर्रर' अशी हाक येते. मुकर्रर म्हणजे पुन्हा एकदा. मराठी कविसंमेलनात त्याला 'वन्स मोअर' म्हणतात. ही हाक ऐकायला कवीचे कान किती आसुसलेले असतात, हे मी तीस वर्षं अनुभवतो आहे. पण तिची खरी किंमत मला माझ्या नातीला शाळेत घालताना कळली.

छोटी माझ्या मुलीची मुलगी. तिला जन्मापासून दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. आमच्या हे दीड वर्षानं लक्षात आलं. पातेलं पडलं तरी ती दचकायची नाही, आणि आम्ही कौतुकानं म्हणायचो, पोर किती शांत आहे! मग 'बेरा' तपासणी झाली, श्रवणयंत्रं आली, वाचाउपचाराच्या फेऱ्या सुरू झाल्या. घरात आमची दखनी, उंबऱ्याबाहेर मराठी. कोणती बोलायची? उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या, "तुमच्या तोंडी सहज येते ती बोला. पण तिच्या समोर बसून बोला आणि भरपूर बोला." आम्ही दोन्ही बोललो.

सहावं वर्ष लागलं आणि पहिलीचा प्रश्न आला. एका शाळेनं तिच्या कानांकडे बघूनच अर्ज परत केला. "अशा मुलांच्या वेगळ्या शाळा असतात," असं उत्तर मिळालं. मी साधा बी.ए. झालेला माणूस, पण कायद्याचा कागद वाचता येतो. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो की ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीप्रमाणे. विशेष शाळा वाईट नसतात. कित्येक मुलांना तिथंच खुणांची भाषा आणि सोबती मिळतात. पण ही निवड मुलाची गरज बघून व्हावी, शाळेची सोय बघून नव्हे. दुसऱ्या शाळेनं छोटीला घेतलं.

मग मी तयारीला लागलो. मुळाक्षरं, रंग, आकडे, सगळं घोटून घेतलं. एका संध्याकाळी आम्ही शाळा-शाळा खेळत होतो. मी गुरुजी. भिंतीवरच्या फळ्याकडे तोंड करून म्हणालो, "वही काढ." मागं वळून बघतो तर छोटी हसून मान डोलावते आहे, आणि वही पिशवीतच. मला शंका आली. पुन्हा फळ्याकडे वळून विचारलं, "तू हत्ती आहेस का?" आणि झटकन मान वळवून पाहिलं. तिनं तशीच गोड मान डोलावली.

मला हसू आलं नाही. न ऐकू आलं तर मान डोलवायची, म्हणजे माणसं खूश होतात, हे ती शिकली होती. आणि हे शिकवणारे आम्हीच होतो. लग्नाकार्यात मीच सांगायचो, "बघा, तिला सगळं समजतं!" आणि घरात तिनं तिसऱ्यांदा "क्या?" विचारलं की आमच्यापैकी कुणीतरी म्हणायचं, "कुच नै, जाने दे." जाऊ दे, काही नाही. त्या दोन शब्दांनी आम्ही तिला किती वेळा दाराबाहेर उभं केलं असेल, कोण जाणे.

त्या दिवसापासून मुळाक्षरं बाजूला ठेवली आणि एकच वाक्य धरलं : "ऐकू आलं नाही, परत सांगा." त्याचा खेळ केला. मी तोंडापुढं वर्तमानपत्र धरून काहीतरी पुटपुटायचो. तिनं हात वर करून "परत सांगा" म्हटलं की पेपर खाली ठेवायचा, मुशायऱ्यातल्यासारखा कपाळाला हात लावून तिला आदाब करायचा आणि वाक्य पुन्हा म्हणायचं. तिची नानीही त्यात सामील झाली.

बाकीची तयारीही केली. मे महिन्यात रिकाम्या शाळेत नेऊन वर्ग, नळ, संडास दाखवला. वर्गबाईंना विनंती केली : पहिल्या ओळीत बसवा, रस्त्याकडची खिडकी नको, बोलताना चेहरा तिच्याकडे असू द्या. श्रवणयंत्र पूर्णपणे चष्म्यासारखं नसतं. ते बाईंचा आवाज मोठा करतं, तसाच पंख्याचा आणि बाकांचाही करतं. जास्तीचे सेल बाईंकडे दिले, कारण ती चपटी गोळी मुलानं गिळली तर जिवावर बेतू शकतं. पावसाळ्यात यंत्रं रात्री ओल शोषणाऱ्या पुडीसह डबीत ठेवायची, हे मुलीनं अंगवळणी पाडून घेतलं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यात वर्गबाईंनी मला फाटकाशी थांबवलं. त्या फळ्यावर लिहिता लिहिता काही बोलल्या होत्या. छोटीनं हात वर करून म्हटलं, "ऐकू आलं नाही, परत सांगा." दोघं-तिघं हसली. बाईंनी तिच्याकडे वळून वाक्य पुन्हा सांगितलं. तेव्हा शेवटच्या बाकावरच्या एका मुलानंही वही काढली.

सगळे दिवस असे नसतात. दिवसभर कान देऊन ऐकणं हे फार थकवणारं काम आहे. एखाद्या संध्याकाळी ती पुन्हा नुसती मान डोलावते. तेव्हा मी काही विचारत नाही, शेजारी बसतो.

श्रोतेहो, तुमच्याही घरात कुणी लहान मूल असेल, कान गेलेले आजोबा असतील. त्यांनी "काय?" म्हटलं तर "जाऊ दे" म्हणू नका. जवळ जा, समोर बसा आणि परत सांगा.