अक्षर कोणाच्या मालकीचे?



संगणकावर बोलायला कामगार चळवळीतला माणूस कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. मी कॉलेजाची पायरी चढलेलो नाही. जे शिकलो ते कारखान्यांच्या दारात आणि रात्री वाचनालयात. परंतु हत्यार कोणाच्या हाती आणि त्याची किंमत कोणाच्या माथी, हा प्रश्न मला जन्मभर पुरला आहे. आणि संगणक हे हत्यारच आहे. त्यावरच्या मराठी अक्षरांची हकिकत आज सांगणार आहे.

संगणक अक्षर जाणत नाही, आकडा जाणतो. एका बाइटात २५६ आकडे मावतात. त्यांतले पहिले १२८ इंग्रजीच्या मांडणीने अडवलेले. मग देवनागरी बसवायची कशी? मार्ग दोन होते. एक, वर्णाला आकडा द्यावा आणि जोडाक्षर घडवण्याचे काम यंत्राने करावे. दुसरा, आकाराच्या तुकड्याला आकडा द्यावा: काना वेगळा, मात्रा वेगळी, अर्धा 'स' वेगळा, जुन्या छापखान्यात जुळाऱ्यापुढे खिळ्यांचे खण असत, तसे.

पहिला मार्ग शास्त्रशुद्ध होता आणि त्याचे बरेचसे काम आपल्याच गावात झाले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली आणि भारतीय भाषांचे संगणकावरचे मोठे काम तिच्याकडे आले. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने 'इस्की' हे प्रमाण प्रसिद्ध केले. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांसाठी योजलेल्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणीही इस्कीच्याच १९८८ च्या रूपावरून घेतलेली होती.

प्रमाण हाताशी असताना छापखाने आणि वृत्तपत्रे दुसऱ्या मार्गाने का गेली? मूर्खपणाने नव्हे. साध्या संगणकाला जोडाक्षर घडवता येत नव्हते; विंडोजमध्ये ती सोय २००० सालच्या आवृत्तीत आली. पुस्तके जुळवण्याच्या पेजमेकरला तर युनिकोडची देवनागरी पेललीच नाही. वृत्तपत्र मात्र रोज पहाटे निघायचे. तेव्हा प्रत्येक विक्रेत्याने आपला फॉन्ट काढला आणि आपले आकडे ठरवले. अक्षर सुबक होते आणि काम आजच्या आज होत होते. हा लाभ खरा होता, तो नाकारणे अन्यायाचे होईल.

पण त्याची किंमत कोणी दिली? वृत्तपत्राची वेबसाइट वाचायची तर आधी त्या वृत्तपत्राचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. नाही तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी. मजकुरात एखादा शब्द शोधू म्हटले तर सापडत नसे. आमच्या कचेरीत एका वेतनकराराची मराठी प्रत अशाच फॉन्टमध्ये होती. संगणक बदलला आणि करार वाचता येईना. सही-शिक्क्याची कागदी प्रत कपाटात होती म्हणून निभावले. टाइप करणाऱ्या बाईंनी तो सबंध करार पुन्हा टाइप केला. विक्रेत्याच्या बिलात ते दोन दिवस कोठे होते? कोठेच नव्हते.

युनिकोडही फुकट आलेले नाही. वेबवरच्या त्याच्या रूढ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला तीन. मराठीला हवा असलेला 'ॲ' त्यात २००८ साली आला. टाइपरायटरच्या कळपाटावर बोटे बसलेल्या कामगाराला नवा कळपाट शिकावा लागला. आणि बोटांची सवय हेच तर त्याचे भांडवल! वेबसाठी युनिकोड आणि छपाईसाठी जुना फॉन्ट, असा दुहेरी संसार अनेकांनी वर्षानुवर्षे केला. मजकूर एकातून दुसऱ्यात नेताना जोडाक्षरे बिघडत, ती पुन्हा कोणी तरी तपासत बसे. तरीही मी युनिकोडच्याच बाजूचा आहे. कारण हा त्रास एकदाच सोसायचा होता. खाजगी फॉन्टचा त्रास प्रत्येक नव्या संगणकाबरोबर नव्याने सोसावा लागला असता.

हिंजवडीत काम करणारी आपली मुले आज वेबसाइटी बांधतात, त्यांच्यापुढेही हाच पेच असतो. तयार साचा घेतला तर काम झटपट उभे राहते. पण साच्याचा मालक बदलला की केलेले काम मोडून पुन्हा करावे लागते. सगळे स्वतः बांधावे तर वेळ पुरत नाही. निर्दोष हत्यार कोणतेच नाही. म्हणून निवड करताना आज किती लवकर होईल एवढेच विचारून भागत नाही. उद्या बदलायचे झाले तर ते ओझे कोण उचलणार, हेही विचारले पाहिजे. आणि तो प्रश्न, ज्याला ओझे उचलायचे आहे त्याच्या समक्ष विचारला पाहिजे.

आपल्यापैकी कोणी वाचनालय चालवतात, कोणी पतपेढी, कोणी शाळा. वेबसाइट किंवा दप्तर संगणकावर करून घ्याल तेव्हा करारात तीन कलमे घाला. मजकूर युनिकोडमध्येच हवा. दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर उघडेल अशी पूर्ण प्रत आपल्या ताब्यात हवी. आणि बदल करावा लागला तर त्याचे तास कामाचे तास म्हणून मोजले जावेत, त्यांची मजुरी मिळावी. पहिली दोन कलमे लोक सहज मान्य करतात, तिसऱ्याशी अडतात. तिथे अडून बसा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.