विकत घेतलेल्या खेळाचें कुलूप

बाजारांतून एखादें पुस्तक विकत आणावें, आणि तें उघडतांच प्रकाशकाच्या कारकुनानें दाराशीं येऊन पावती मागावी. पावती दाखविल्यावर त्यानें वही काढून, "हें पुस्तक आपणांस तीनच कपाटांत ठेवतां येईल, चौथ्या कपाटांत ठेवावयाचें झाल्यास आमच्या कचेरीकडे अर्ज करावा," असें बजावावें. आणि त्याच वेळीं शेजारच्या बोळांत तेंच पुस्तक चोरून छापलेलें, पावतीवांचून व वहीवांचून, फुकट वांटलें जात असावें, अशी कल्पना कोणी सांगितली तर ऐकणारा हंसेल. परंतु संगणकावरील खेळ विकत घेणाऱ्या लक्षावधि लोकांनीं ही अवस्था या ना त्या रूपानें चाळीस वर्षें भोगलेली आहे, आणि त्यांना तींत हंसण्यासारखें फारसें कांहीं आढळलेलें नाहीं.

प्रथम दुसरी बाजू ऐकून घेणें न्यायाचें होईल. संगणकावरील खेळ म्हणजे अखेर आंकड्यांची एक लांबलचक माळ. ती उतरून घेण्यास कागद लागत नाहीं कीं शाई लागत नाहीं, आणि उतरलेली प्रत मूळ प्रतीहून तिळभरही उणी नसते. ज्यांनीं वर्षानुवर्षें खपून खेळ रचला त्यांच्या पोटावर हा पाय आहे. २०१३ सालीं दोघां बंधूंच्या एका लहानशा कंपनीनें 'गेम डेव्ह टायकून' नांवाचा खेळ काढला. खेळणारानें एक काल्पनिक कंपनी चालवून स्वतः खेळ रचावे व विकावे, असा त्याचा विषय. या बंधूंनीं विक्रीच्या पहिल्याच दिवशीं त्याची एक प्रत आपण होऊन चोरबाजारांत सोडली. मात्र तींत एवढाच फरक केला कीं, कांहीं काळानें खेळणाराच्या काल्पनिक कंपनीचा माल लोक चोरूं लागावे आणि तिचें दिवाळें निघावें. त्या एका दिवशीं जितके लोक खेळत होते त्यांपैकीं शेंकडा ९३ हून अधिक चोरट्या प्रतीवर खेळत होते. आणि त्यांतलेच कांहीं जण, "आमचा माल लोक चोरतात, यावर कुलूप शोधून काढण्याची सोय या खेळांत आहे काय?" असें चारचौघांत विचारूं लागले! तेव्हां कुलूप लावण्याची इच्छा होणें हा गुन्हा नव्हे. प्रश्न एवढाच कीं, कुलूप कोणाला अडवितें.

आरंभींचीं कुलुपें जवळजवळ करमणुकीचींच होतीं. फ्लॉपीच्या काळांत खेळ सुरू होतांच पडद्यावर प्रश्न येई: सोबतच्या पुस्तिकेच्या अमक्या पानावरील अमक्या ओळींतला अमका शब्द कोणता? १९९० सालच्या 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' या खेळाबरोबर पुठ्ठ्याचीं दोन चक्रें येत. एकावर चांचे लोकांच्या चेहऱ्यांचा वरचा भाग, दुसऱ्यावर खालचा. पडद्यावर दिसेल तसा चेहरा जुळवावयाचा आणि खिडकींतून दिसणारें साल लिहावयाचें. पोरांना त्यांतही मौज वाटे. परंतु चक्र हरवलें कीं खेळ गेला. आणि ज्याच्या हाताशीं छायाप्रती काढण्याचें यंत्र होतें त्याला मूळ चक्राची गरजच नव्हती. त्याहून पूर्वीं, १९८५ सालीं, 'झेडएक्स स्पेक्ट्रम' या घरगुती संगणकासाठीं 'एलीट' हा खेळ निघाला, त्याच्या पेटींत 'लेन्सलॉक' नांवाचें प्लॅस्टिकचें भिंग असे. पडद्यावर विस्कटलेलीं अक्षरें येत, आणि भिंग पडद्याशीं धरलें म्हणजे तीं वाचतां यावीं अशी योजना होती. पडदा फार मोठा किंवा फार लहान असला तर अक्षरें जुळतच नसत; आणि कांहीं पेट्यांत तर भलत्याच खेळाचें भिंग भरलेलें निघालें.

पुढें सीडी आली आणि कुलुपानें स्वरूप पालटलें. आतां तें खेळणाराला कांहीं विचारीत नसे. गुपचूप संगणकाच्या पोटांत जाऊन बसे. 'सेफडिस्क' नांवाच्या कुलुपाचा एक लहानसा प्रोग्रॅम विंडोजच्या अगदीं गाभाऱ्यांत वस्तीस राही. मायक्रोसॉफ्टनें २०१५ सालीं विंडोज १० काढतांना त्या प्रोग्रॅमला थारा दिला नाहीं, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरांत आधींच्या विंडोजवरही तो बंद केला; कारण गाभाऱ्याला असें मागचें दार असणें सर्व संगणकालाच धोक्याचें होतें. निर्णय योग्यच म्हटला पाहिजे. परंतु त्याचें फळ कोणाच्या पदरीं पडलें? एखाद्या गृहस्थानें २००२ सालीं रोख पैसे मोजून घेतलेली, कपाटांत जपून ठेवलेली, एक ओरखडाही नसलेली डिस्क नव्या विंडोजवर चालेनाशी झाली. त्याच्यापुढें दोनच वाटा उरल्या. तोच खेळ पुन्हा विकत घ्यावा, आणि तोही कोठें विकावयास असला तर. नाहीं तर चोरांनीं कुलूप काढून तयार केलेली फाईल शोधून आणावी आणि आपल्याच मालकीची वस्तु चोरवाटेनें वापरावी. चोराच्या प्रतीला कांहींच झालें नव्हतें. तिचें कुलूप पहिल्या आठवड्यांतच निघालें होतें.

लोकांच्या संतापाचा मोठा स्फोट झाला तो २००८ च्या सप्टेंबरांत. विल राइट या नामांकित खेळकर्त्याचा 'स्पोर' हा खेळ इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीनें काढला. एका पेशीच्या जीवापासून आरंभ करून तारकांपर्यंत पोंचावयाचें, अशी त्याची भव्य कल्पना. वर्षानुवर्षें लोक त्याची वाट पाहात होते. परंतु त्याला 'सिक्युरॉम'चें कुलूप होतें, आणि विकत घेणाराला तो तीनच संगणकांवर चालू करण्याची मुभा होती. चौथ्यांदा चालू करावयाचा तर कंपनीच्या कचेरीकडे विनवणी करावयाची. लोकांनीं ॲमेझॉनच्या दुकानांत त्या खेळाखालीं आपला राग लिहून काढला: थोड्याच दिवसांत दोन हजारांहून अधिक जणांनीं त्याला पांचपैकीं एकच तारा दिला. खेळ वाईट म्हणून नव्हे, कुलूप वाईट म्हणून. न्यायालयांत फिर्यादही दाखल झाली. कंपनीनें तिनाची मर्यादा पांचावर नेली. आणि चोर? त्यांची प्रत विक्रीच्या दिवसापूर्वींच बाहेर पडली होती, आणि 'टोरेंटफ्रीक'च्या गणनेप्रमाणें त्या सालीं सर्वांत अधिक चोरला गेलेला खेळ 'स्पोर'च ठरला; सुमारें १७ लक्ष वेळां. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचें याहून ठळक उदाहरण शोधावें लागेल.

एवढ्यावर शहाणपण यावें, तें आलें नाहीं. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीनें २०१० च्या मार्चमध्यें 'असॅसिन्स क्रीड २' हा खेळ संगणकासाठीं काढला, आणि घरीं एकट्यानें खेळावयाच्या या खेळाला सतत इंटरनेटचा धागा बांधून ठेवला. धागा तुटला कीं खेळ जागच्या जागीं थांबे. ७ मार्च रोजीं कोणी तरी कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला चढविला, सर्व्हर कोलमडले, आणि पैसे मोजलेल्या कित्येकांच्या घरीं खेळ मुका होऊन बसला. विलक्षण गोष्ट ही कीं, सर्व्हर कोणाचा, राखणदार कोणाचा, आणि शिक्षा कोणाला! ज्यांच्या गांवीं वीज व तार या दोहोंचा भरंवसा नाहीं अशांना तर हल्ल्याचीही आवश्यकता नव्हती. कंपनीनें २०१२ सालीं ही पद्धत आपण सोडली असल्याचें सांगितलें. परंतु त्याच वर्षीं 'डायब्लो ३' आणि पुढल्या वर्षीं 'सिमसिटी' यांच्या खरेदीदारांनीं पहिले दिवस दाराबाहेर ताटकळत काढले. 'सिमसिटी' इंटरनेटवांचून चालणें शक्यच नाहीं असें त्यांना सांगण्यांत येत होतें. २०१४ च्या मार्चमध्यें तो इंटरनेटवांचून चालूं लागला.

अलीकडचीं कुलुपें अधिक बळकट आहेत. ऑस्ट्रियांतील साल्झबुर्ग येथें जन्मलेलें 'डेनुव्हो' हें कुलूप २०१४ पासून कित्येक मोठ्या खेळांना लागलें, आणि तें कधीं आठवडे तर कधीं महिने टिकतें. विक्रीचा मोठा भाग पहिल्या आठवड्यांतच होत असल्यामुळें कंपन्यांना तेवढें टिकणें पुरेसें वाटतें. कांहीं कंपन्या पुढें तें काढूनही टाकतात. त्यांचा हा हिशेब अगदींच चुकीचा नाहीं. परंतु बळकट कुलूप जड असतें. २०२१ सालीं कॅपकॉम या जपानी कंपनीच्या 'रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज' या खेळांत ऐन झटापटीच्या क्षणीं चित्र अडखळे. चोरांनीं कुलूप काढलेली प्रत मात्र गुळगुळीत चाले. जुलैमध्यें कंपनीनें दुरुस्ती पाठविली, ती नक्कलबंदीच्या यंत्रणेचीच होती. त्याच सालीं इंटेलनें मोठ्या व लहान अशा दोन जातींचे गाभे असलेले नवे प्रोसेसर काढले, तेव्हां कांहीं खेळांचें कुलूप एकाच संगणकाला दोन संगणक समजून बसलें आणि मालकालाच बाहेर काढूं लागलें. त्यावर इंटेलनें सुचविलेला उपाय असा कीं, खेळण्यापूर्वीं 'स्क्रोल लॉक' ही कळ दाबून लहान गाभे निजवावे. ती कळ कशासाठीं असते हें बहुतेकांना तेव्हांच कळलें असेल.

कुलूप न लावतां दुकान चालत नाहीं असेंही नाहीं. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट या मंडळींनीं २००८ सालीं 'गॉग' हें दुकान उघडलें, आणि तेथील खेळ कुलपावांचून विकले. त्यांच्या स्वतःच्या 'विचर २' च्या पेटींतील प्रतीला २०११ सालीं सिक्युरॉम लागलें होतें. दोनएक आठवड्यांतच त्यांनीं तें काढून टाकलें, आणि खेळ अधिक वेगानें चालूं लागला. 'विचर ३' तर २०१५ सालीं गॉगवर पहिल्या दिवसापासून मोकळाच होता. त्याच्या प्रती सर्व यंत्रांवर मिळून २०२३ पर्यंत ५ कोटींहून अधिक खपल्या.

कायद्याचें बोलावयाचें तर अमेरिकेंत १९९८ च्या कायद्यानें कुलूप तोडणें हाच सामान्यतः अपराध ठरला; सर्व्हर कायमचे बंद पडलेल्या खेळांपुरती मर्यादित सवलत तेथें २०१५ सालीं मिळाली. भारताच्या कायद्यांत २०१२ सालीं जें ६५-अ हें कलम आलें तें तारतम्य ठेवून लिहिलेलें आहे: दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे, पण ती हक्कभंगाच्या हेतूनें कुलूप तोडणाराला.

खरी झोंबणारी गोष्ट अगदीं अलीकडची आहे. युबिसॉफ्टनें २०१४ सालीं 'द क्रू' हा मोटारशर्यतीचा खेळ काढला. अमेरिकेच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत मोटार हांकीत जावयाचें. एकट्यानें हांकावयाची तरी सर्व्हरची परवानगी हवी. ३१ मार्च २०२४ रोजीं कंपनीनें ते सर्व्हर बंद केले, आणि पुढें विकत घेणारांच्या खात्यांतून त्या खेळाचा परवानाही काढून घेतला. आपण खेळ विकत घेतला नसून केवळ वापरण्याची अनुज्ञा घेतली होती, हें कित्येकांना त्या दिवशीं प्रथम कळलें. कॅलिफोर्नियानें त्याच वर्षीं कायदा केला, तो १ जानेवारी २०२५ पासून अमलांत आला: परत काढून घेतां येणारी वस्तु विकतांना, मिळतो तो परवाना आहे असें स्पष्ट लिहिल्याशिवाय दुकानदारानें 'खरेदी' हा शब्द वापरूं नये. युरोपांत एका नागरिक-अर्जावर २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लक्षांहून अधिक सह्या झाल्या. अर्जदारांनीं खेळ फुकट मागितलेले नाहींत, कीं सर्व्हर जन्मभर चालवा असेंही म्हटलेलें नाहीं. कंपनीनें दुकान बंद करतांना विकलेला खेळ चालूं शकेल अशा स्थितींत सोडून जावा, एवढीच त्यांची मागणी आहे.