दान्ते : नरकाच्या पुढे



आपल्या ग्रंथालयात ‘डिव्हाइन कॉमेडी’च्या इंग्रजी भाषांतराची एक जुनी प्रत आहे. या व्याख्यानाच्या तयारीसाठी ती घरी नेली, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. पहिल्या तृतीयांशातील पाने हाताळून मळलेली, कोपरे दुमडलेले. पुढची पाने मात्र जवळजवळ कोरी. म्हणजे आपले सभासद पिढ्यान्‌पिढ्या दान्तेबरोबर नरकात उतरले आणि तेथूनच माघारी फिरले! मीही त्यांतलाच. एम. ए.च्या वर्षी केवळ ‘इन्फर्नो’ वाचले आणि पुढे कित्येक वर्षे ‘दान्ते हा नरकाचा कवी’ असे वर्गात बेधडक सांगत राहिलो. ते विधान आज मला मागे घ्यावयाचे आहे.

या बाबतीत आपल्याला संगत मात्र थोरांची आहे. १३७३ साली फ्लॉरेन्सच्या नागरिकांच्या मागणीवरून बोकाचिओने या काव्यावर जाहीर व्याख्याने सुरू केली. प्रकृती ढासळल्यामुळे ती नरकाच्या सतराव्या सर्गाशीच थांबली. ज्या नगरीने १३०२ मध्ये दान्तेला हद्दपार केले, हाती लागल्यास जिवंत जाळण्याची शिक्षा फर्मावली, तीच नगरी त्याच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकाने त्याचे काव्य समजावून घ्यायला बसली होती. दान्ते १३२१ मध्ये रावेन्ना येथे परक्याच्या आश्रयाला वारला. त्याच्या अस्थी आजही तेथेच आहेत.

काव्याची बांधणी थोडक्यात सांगतो. सर्ग शंभर : नरकाचे ३४, ‘पर्गेटरी’चे, म्हणजे शुद्धिलोकाचे, ३३ आणि स्वर्गाचे ३३. ओळी चौदा हजारांवर. १३०० सालच्या ईस्टरच्या सुमारास पस्तिशीतला दान्ते अरण्यात वाट चुकतो आणि सुमारे तेरा शतकांपूर्वी निवर्तलेला रोमन महाकवी व्हर्जिल त्याला वाट दाखवावयास येतो. हे सारे लिहिले आहे ते विद्वानांच्या लॅटिनमध्ये नव्हे, तर तस्कनीच्या लोकभाषेत. ‘ज्ञानेश्वरी’ शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. दोहोंत काही धागा जोडण्याचा मोह मी टाळतो. पण दान्तेच्या या निर्णयाचे मोल मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागू नये.

पहिल्या वाचनात तळटीपांच्या नादी लागू नका. फ्लॉरेन्समधील पक्षोपपक्षांची नावे खुशाल ओलांडून जा. नरकात तीन ठिकाणी अवश्य थांबा. पाचव्या सर्गात एक प्रेमकथा सोबत वाचता वाचता दिरासह वाहवत गेलेली फ्रान्चेस्का आहे. (ग्रंथालयाच्या सभासदांनी ती विशेष लक्षपूर्वक वाचावी!) पंधराव्यात अग्निवर्षावाखाली चालणारे वृद्ध ब्रुनेत्तो लातिनी भेटतात, त्यांना गुरुस्थानी मानणारा दान्ते त्यांच्या बाजूने आदराने मान लववून चालतो. सव्विसाव्यात ज्ञानाच्या तृष्णेपायी बुडालेला युलिसिस. आणि तळाशी पोहोचल्यावर दचकाल : तेथे आग नाही, बर्फ आहे. सैतान त्यात छातीपर्यंत गोठलेला आहे.

येथे पुस्तक मिटू नका. पुढे समुद्रकाठ आहे, पहाटेचा उजेड आहे आणि एक उंच पर्वत. त्यावरचे आत्मेही यातना भोगतात, पण स्वेच्छेने. कारण त्यांना वर जावयाचे आहे. रात्र पडली की चढण थांबते. माझ्या मते सगळ्या काव्यात माणसांच्या जगाच्या सर्वांत जवळ आहे तो हाच भाग, कारण काळ नावाची वस्तू येथेच आहे.

आणि येथेच व्हर्जिलची गोष्ट पुरी होते. तो ख्रिस्तपूर्व काळातला. नरकाच्या पहिल्या वर्तुळात, यातना नाही पण आशाही नाही अशा जागी, त्याचा कायमचा वास. बाविसाव्या सर्गात स्टेशियस हा कवी कृतज्ञतेने त्याला सांगतो, की रात्री पाठीमागे दिवा धरून चालणाऱ्या माणसासारखे तुम्ही. स्वतः अंधारात राहिलात, मागून येणाऱ्यांना मात्र वाट दिसली. तिसाव्या सर्गात बिआट्रिस अवतरते. भांबावलेला दान्ते, मूल आईकडे वळावे तसा, व्हर्जिलकडे वळतो, तर व्हर्जिल तेथे नाही. निरोपही न घेता तो गेलेला असतो. दान्ते रडू लागतो आणि बिआट्रिस त्याला नावाने हाक मारते. साऱ्या काव्यात कवीचे नाव येते ते एवढ्या एकाच जागी.

मी हा सर्ग प्रथम वाचला तो पन्नाशी उलटल्यावर. ज्यांनी मला मराठी शिकविले, ते माझे गुरुजी त्याच वर्षी वारले होते. पुस्तक पालथे ठेवून बराच वेळ नुसता बसून राहिलो.

स्वर्गाचे सर्ग कठीण आहेत. त्यांतील धर्मशास्त्राची चर्चा मलाही पुष्कळदा पेलत नाही. तरी सतरावा सर्ग वाचा. तेथे दान्तेचा पूर्वज काच्चाग्विदा त्याला पुढे येऊ घातलेल्या वनवासाची कल्पना देतो, परक्या घरचे अन्न किती वेगळे लागेल तेही सांगतो, आणि तरीसुद्धा जे पाहिलेस ते न भिता लिही, असे बजावतो.

प्रत मी कालच परत केली आहे. ग्रंथपालांना एकच विनंती, की या ग्रंथासाठी मुदतीचा नियम थोडा सैल करावा. पंधरा दिवसांत वाचक फार तर नरकाच्या तळाशी पोहोचतो.